जुन्या कोर्टाच्या पायऱ्यांवर

सून : …म्हणून म्हणते बाबा, पुरे आता. टपाल कचेरी झाली, खजिना झाला, सचिवालय बाहेरून का होईना बघितलं. माझे पाय बोलायला लागलेत.

सासरे : तुझे पाय? ऐंशी वर्षांचा मी आहे, सूनबाई.

सून : मग बसा की या पायरीवर. टेका इथे. काठी द्या माझ्याकडे.

गाईड : हे आपलं जुनं कोर्ट, मंडळी. बांधायला वीस वर्षं लागली.

सासरे : आणि आत निकाल लागायला?

गाईड : ते मला विचारू नका, आजोबा. ज्यांना आतलं दालन बघायचंय त्यांनी माझ्या मागून या.

सून : तुम्ही व्हा पुढे. आम्ही इथेच आहोत.

सासरे : घसा बसलाय बिचाऱ्याचा, दिवसभर तेच तेच बोलून. पाणी दे गं जरा.

सून : हळू. सांडलं बघा. थांबा, पुसते.

सासरे : आमचे चिरंजीव कुठे उलथलेत?

सून : सांगितलं ना, काम निघालं त्यांचं. संध्याकाळी भेटतील.

सासरे : बरं. इथे तळघरात म्हणे कैद्यांची कोठडी आहे. ती बघू या.

सून : नको हो. आता एक जिनासुद्धा उतरवणार नाही मला.

सासरे : मग बोल.

सून : काय बोलू?

सासरे : सकाळपासून ओठांवर आणून गिळते आहेस ते. मला का या इमारतींची हौस आहे? जन्मभर सरकारी कचेऱ्यांपासून चार हात लांब राहिलो. टपाल कचेरीपाशी बसलो, म्हटलं आता बोलशील. खजिन्यापाशी बसलो. तू आपली घड्याळ बघतेस.

सून : कोणी सांगितलं तुम्हाला?

सासरे : दोन दिवस फिरायला यायचं, तर बॅगेत तीन स्वेटर आणि तुझ्या सासूचा फोटो. फोटोला कोणी शहर दाखवायला आणतं का?

सून : मीच ठेवला. हे म्हणत होते, मागाहून पाठवू. मला राहवेना.

सासरे : वृद्धाश्रमच ना? कशी आहे जागा?

सून : चांगली आहे. खिडकी आहे मोठी. हे तिथेच गेलेत, खोली लावायला. आज संध्याकाळपासूनच.

सासरे : आणि सांगायचं काम तुझ्या गळ्यात.

सून : त्यांच्याच्याने झालं नाही. काल रडले. मी तरी कुठे सांगितलं? बाबा, रात्री तीन-तीनदा उठून तुम्हाला न्यायचं, सकाळी वर्गावर उभं राहायचं… परवा फळ्याकडे तोंड करून उभ्याउभ्या झोप लागली मला. मुलं हसली. तुमचा राग नाही हो. थकले मी नुसती.

सासरे : दिसत नाही होय मला? एकदा न उठवता एकटा गेलो, तर पडलो. तुझंच काम वाढलं.

सून : तुम्ही नको म्हणा. एकदाच म्हणा. अशी घरी घेऊन जाते तुम्हाला, मग काय व्हायचं ते होवो.

सासरे : नेशील. माहीत आहे, म्हणून तर म्हणत नाही.

सून : वाईट वाटतंय ना तुम्हाला?

सासरे : वाटतंय. खोटं कशाला सांगू? खूप वाटतंय.

गाईड : चला मंडळी, बस निघते. आजोबा, राज्यपालांचा जुना बंगला राहिलाय, तेवढा बघायचा ना?

सासरे : नको रे. आमचं बघून झालं. तुम्ही जा, आम्ही इथूनच परस्पर जाऊ.

सून : मी टॅक्सी बघते.

सासरे : बघशील गं. इतकी काय घाई आहे? टेक डोकं त्या खांबाला. मीट डोळे जरा वेळ. मी जागा आहे.