रोलमधले शेवटचे दोन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय पत्रूजी गेडाम, व्यासपीठावरील मुख्याध्यापक, गडचिरोलीहून मुद्दाम आलेले फोटो स्टुडिओवाले इब्राहीमभाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते इस्तारी सहारे सर, सौ. सहारे वहिनी, माझे सहकारी शिक्षक, कुरखेड्याचे आणि आसपासच्या गावांचे पालक, आणि मागे दाटीवाटीने बसलेल्या मुलांनो,

सरांनी विज्ञान कसं शिकवलं, हे माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. ते पुन्हा सांगणार नाही. मी मराठीचा शिक्षक. मला सरांच्या कॅमेऱ्याविषयी बोलायचं आहे.

हा कॅमेरा सरांनी नव्वद साली घेतला. पावसाळ्यात आपल्याकडे काचेला बुरशी धरते, म्हणून चार महिने तो तांदळाच्या डब्यात असायचा. वहिनी भात शिजवायला डबा उघडत आणि आधी कॅमेरा बाहेर काढून ठेवत. त्यांनी कधी तक्रार केली का? केली. दर पावसाळ्यात केली. सरांना वाघाचा फोटो हवा होता. पंधरा वर्षं जंगलात हिंडून वाघ मिळाला नाही. बगळे मिळाले, वारुळं मिळाली, मोहाखाली झाडलेली जमीन मिळाली. एकदा इब्राहीमभाईंनी रोल धुतला आणि विचारलं, "सर, इसमें तो सिर्फ जमीन है. आदमी किधर है?" सर म्हणाले, "मोहफुलं वेचून घरी गेला."

पण या तालुक्यात सरांना ओळखतात ते बगळ्यांमुळे नाही.

तेव्हा आपल्या खेड्यांतून कोणाचा फोटो नसायचा. माणूस जन्मभर जगायचा आणि मेल्यावर भिंतीवर लावायला काही नाही. मग कोणीतरी सायकल घेऊन सरांकडे यायचं. सर जायचे. मृताला बाजेवर टेकवून बसवलेलं असायचं, केस विंचरलेले, कपाळाला कुंकू किंवा हळद. सर एक फोटो काढायचे. तो फ्रेममध्ये जायचा. घरच्यांसाठी माणूस तसाच राहायचा, डोळे मिटून.

एकदा येरंडीहून बोलावणं आलं तेव्हा रोल संपलेला होता. नवा रोल गडचिरोलीशिवाय मिळत नव्हता, आणि प्रेत काही रोलची वाट पाहत थांबत नाही. त्या घरच्यांनी सरांना चहा दिला, आणि म्हणाले, "राहू द्या सर, त्याच्या नशिबात नोहता." सरांना ते लागलं. तेव्हापासून त्यांनी नियम केला. प्रत्येक रोलमधले शेवटचे दोन फोटो राखून ठेवायचे. लग्न असो, सहल असो, झेंडावंदन असो, दोन उरले की कॅमेरा बंद. ते दोन मेलेल्यांचे. साऱ्या पंचक्रोशीला हे ठाऊक होतं. लोक रस्त्यात विचारायचे, "सर, दोन हायेत ना?" पाणी आहे ना, तसं विचारायचे.

नियम चांगला होता. मला आजही वाटतं, चांगला होता.

दामिनीविषयी बोलायचं तर मी आधी तिच्या आईला विचारलं. बुधरीबाई आपल्या शाळेत खिचडी शिजवतात, हे मुलांना सांगायला नको. आत्ता त्या दारापाशी उभ्या आहेत. म्हणाल्या, "बोला. पण लय लांबवू नका, भात थंड होते."

दामिनी दहावी पास झाली ते वर्ष एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. निकालाच्या दिवशी ती नवा निळा ड्रेस घालून शाळेत आली. सर आंब्याखाली मुलांचे फोटो काढत होते. तिची पाळी आली आणि सरांनी आकडा पाहून झाकण लावलं.

"सर, माहा एक काढा ना."

"दोनच उरलेत, दामिनी. पुढचा रोल आला की पहिला तुझा."

"दोन हायेत तर काढा ना."

"ते कोणाचे, तुला माहीत आहे."

"मंग मरू का सर मी?"

सगळे हसले. मी शेजारी उभा होतो, मीही हसलो. त्यात हसण्यासारखं होतंच. ती पोरगी तशीच बोलायची. मुख्याध्यापकांच्या टकलावरही बोलायची. तेव्हाचे मुख्याध्यापक, आत्ताचे नाही.

श्रावणात तिला ताप आला. हिवताप डोक्यात गेला. नदीला पूर होता, बस अलीकडच्या काठावरच थांबली, दवाखाना पलीकडे राहिला. तिसऱ्या दिवशी तिचा मामा सायकल घेऊन सरांकडे आला. बाकी कोणी मेलेलं नव्हतं, पावसामुळे सर गडचिरोलीला गेले नव्हते, रोल तोच होता. निळ्या ड्रेसमध्ये बसवलेल्या दामिनीचा फोटो सरांनी काढला. राखून ठेवलेल्या दोनांपैकी एक.

त्यानंतर सरांनी नियम मोडला का? नाही. मोडला असता तर पुढच्या घरी काय सांगणार होते? मात्र आंब्याखाली फोटो काढणं त्यांनी बंद केलं.

दोन हजार चार साली सरांनी नागपूरहून डिजिटल कॅमेरा आणला. त्यात रोल नाही, आकडा नाही, राखायला काही नाही. जुना कॅमेरा, आत राखलेले दोन फोटो उरलेल्या रोलसकट, तांदळाच्या डब्यात गेला. नवा घेऊन सर आधी कुठे गेले असतील? शाळेच्या चुलीपाशी. मी तिथेच होतो.

"बाई, आता मोजायचं काम नाही. कितीही काढता येतात."

बुधरीबाई फुंकणी फुंकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आता सांगून राह्यले?"

एवढंच. सर तसेच परत फिरले.

पुढे इब्राहीमभाईंचा मुलगा जिशान संगणक शिकला. बंद डोळे उघडून देतो, म्हणाला. शहरात लोक करून घेतात. सरांनी दामिनीची निगेटिव्ह नेली. जिशान म्हणाला, डोळे कोणाचे तरी लागतील, आईचे चांगले बसतील, चेहरा तोच आहे. सरांनी बुधरीबाईंना उजेडात बसवलं आणि डिजिटलवर फक्त डोळ्यांचा फोटो काढला. कशासाठी ते सांगितलं होतं. त्या हो म्हणाल्या होत्या.

आठवड्याने सर फोटो घेऊन त्यांच्या घरी गेले. मलाही सोबत नेलं. काम सुंदर झालं होतं, हे मी इब्राहीमभाईंच्या समोर सांगतो. निळा ड्रेस, तेच केस, आणि दामिनी आपल्याकडे पाहत होती. बुधरीबाईंनी फोटो दारात नेला, उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"हे डोरे तिचे नोहोत," त्या म्हणाल्या. "माहे होत. तिनं काय काय पाह्यलं, ते यात नाई. मिटून द्या सर."

जिशानने मिटून दिले. भिंतीवर पहिलाच फोटो आहे.

अध्यक्षमहाराज, आपण घड्याळाकडे पाहिलंत, ते माझ्या लक्षात आलं. आटोपतोच. आज सकाळचं तेवढं सांगू द्या.

सर उद्या मुलाकडे नाशिकला जात आहेत, कायमचे. आज सकाळी ते शाळेत आले तेव्हा खांद्याला जुना कॅमेरा होता. तांदळाची पूड अजून पट्ट्याला होती. चुलीपाशी जाऊन म्हणाले, "बाई, तुमचा एक काढू द्या."

"याच्यात तर मेलेल्याइचे असते."

"दोन आहेत. राखलेलेच आहेत."

"मंग मी तं जित्ती हावो."

"म्हणूनच," सर म्हणाले.

बुधरीबाईंनी खिचडी ढवळायचा सराटा खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं. चुलीकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पापणी हलू दिली नाही. कॅमेरा वाजला. मग हात पुढे करून म्हणाल्या, "दाखवा." डिजिटलने आपल्याला ही सवय लावली आहे.

"यात लगेच दिसत नाही. धुवावा लागतो."

"कोन धुते आता?"

इब्राहीमभाईंनी धुण्याची खोली मागच्या वर्षी बंद केली, हे आपल्याला माहीत आहे. रोल जुना आहे. फोटो येईल की काळा पडेल, सांगता येत नाही. सर म्हणाले, नागपुरात धुवून मिळतो, टपालाने पाठवीन.

"टपालानं नोको," बुधरीबाई म्हणाल्या. "आला तरी घेऊन या, नाई आला तरी सांगाले या."

सर हो म्हणाले. मी ऐकलं आहे, म्हणून या सभेत नोंदवतो.

रोलमध्ये आता एक उरला आहे. तो कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

आयोजकांनी मला बोलू दिलं, बुधरीबाईंनी बोलायची परवानगी दिली, आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी मरणाविषयी बोललो. ते कोणाला खटकलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्यावं. जेवणाआधी सर्वांनी आंब्याखाली जमायचं आहे. सरांसोबतचा फोटो डिजिटल कॅमेऱ्यावर काढणार आहेत. कोणाचे डोळे मिटले तर पुन्हा काढता येईल.