उद्या रोवणा कोन लावन?

मूल गावच्या बसस्टँडवर वच्छलाबाई रोवण्यानं, म्हणजे भातलावणीनं, दुखणारी कंबर धरून बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक बाप, त्याची शाळकरी लेक आणि तिच्या सॉफ्टबॉलच्या मॅडम यांची जुंपली होती.

"मॅडम, आचलले नाई पाठवत. उद्या धानाचा रोवणा हाये."

"शालिकभाऊ, उद्याच फायनल हाये. पूरा सीझन हिच्याच हातावर जिंकलो. हिच्याबिगर बॉल कोन टाकन?"

"अन् रोवणा कोन लावन?"

"हिचा भाऊ सूरज हाये नं घरी."

"त्याची क्रिकेटची मॅच हाये उद्या."

"बाबा, त्याची मॅच, मंग माही काय जत्रा हाये?"

"रोवणा बायाचं काम हाये, पोरी. मानसाले कुठी येते?"

गाडी लागली. आचलनं बॅट उचलली. वच्छलाबाईंनी पिशवी ओढून तिला वाट करून दिली.

"मंग शिका, बाबा. मॅडमनं मले एका सीझनात शिकवलं. माय तुमाले दुपारपर्यंत शिकवन."