मेलेल्या बोलीचं बारसं

केसरबाई : तुझ्या नवऱ्याचं काय करायचं ते तूच सांग, एस्तर. आज पोरीचं बारसं, पाळण्याला फुलं बांधायची, आन ह्यो माणूस सकाळधरनं माझ्या कपड्याच्या दोरीवर चिठ्ठ्या अडकवतोय. खोली भाड्यानं दिली तवा दोरी न्हवती दिली मी!

एस्तेर : मला नका विचारू, मावशी. मी त्याच्याशी बोलत नाहीये.

केसरबाई : कवापासनं?

एस्तेर : कालपासून. विचारलं, पोरीचं नाव काय ठरलं? तर म्हणतो, विचार चालू आहे. दोनदा बारसं पुढे ढकललं. आता संध्याकाळी आम्हा दोघांच्या आया येतील, अख्खी कासारवाडी येईल. परवा माझी रजा संपते. पोर तुमच्याकडे ठेवून कंपनीत जायचं, तुम्ही तिला हाक काय मारणार?

केसरबाई : मी 'छबे' म्हनती. शेजारची कस्तुरा 'ठमे' म्हनती. माझा ल्योक कोंडीराम शिफ्टवरनं आला की 'मॅडम'! पोर कुनाकडं बघावं म्हनून डोळं गरागरा फिरवती. मास्तर! ओ हनोक मास्तर! हिकडं या.

हनोक : आलो. मावशी, ती दोरी तेवढी हलवू नका. वाऱ्याने आधीच इटलीची चिठ्ठी फ्रान्सच्या खाली गेलीय.

केसरबाई : मी मगाशी एक चिठ्ठी काढून परकर घातला तितं.

हनोक : कुठली चिठ्ठी?

केसरबाई : मला काय ठावं? वर येकलीच हुती, मधोमध.

हनोक : अहो, ती आई होती! त्या सगळ्यांची आई!

केसरबाई : मग तिच्या जागी माझा परकर हाय. काय बिघाडलं? लेकरं मलाबी कमी न्हाईत.

एस्तेर : मी हसले नाही. मावशी, त्याला सांगा, मी हसले नाही.

केसरबाई : सांगते. आदी ही आई कोन, ते कळू दे.

हनोक : हे बघा, या चिठ्ठ्या म्हणजे बोलींची वंशावळ. रोमन लोकांच्या राज्यात आमचे यहुदी लोक राहायचे. तिथली भाषा लॅटिन. तीच ते आपल्या वळणाने बोलत असावेत. पुढे लॅटिन मोडत मोडत स्पेनची, फ्रान्सची, इटलीची भाषा झाली, आणि तिथल्या यहुद्यांच्याही निराळ्या बोली झाल्या. आता प्रश्न असा, की या बोली एका आईच्या लेकी, की प्रत्येकीने आपापल्या शेजारणीकडून बोलणं उचललं? आणि आई असेल, तर तिचं नाव काय? सोमवारी सरांना प्रबंध द्यायचाय आणि शीर्षकाची जागा कोरी आहे.

केसरबाई : म्हंजी तिचंबी बारसं न्हाई.

एस्तेर : ती मरून किती वर्षं झाली, ते विचारा.

हनोक : हजार तरी झाली असतील.

केसरबाई : आन ती हुती, हे कुनी पाह्यलं?

हनोक : तसा पक्का पुरावा नाही. थडग्यांवरचे थोडे शब्द आहेत.

केसरबाई : आईकलंस, एस्तर? मेलेली, ती बी हुती का न्हवती ठावं न्हाई, तिच्यापायी माझी दोरी आडली! आन ही जित्ती, सारी चाळ जागवती, तिला नाव न्हाई.

हनोक : सोपं नाही हो ते. स्पेनच्या यहुद्यांची बोली घ्या. कुणी लादिनो म्हणतं, कुणी जुदेस्मो, कुणी नुसतं स्पॅनिओल. बोलणारी म्हातारी एकच.

केसरबाई : आपल्या ठमीवानी.

हनोक : आणि त्या आईला पंडितांनी नाव दिलं 'यहुदी-लॅटिन'. मधे आडवी रेघ. ते लोक घरात असं म्हणत असतील का? आमचे जुने धर्मगुरू म्हणायचे 'लाझ', म्हणजे परक्यांची बोली. घरात बोलतात ती परकी कशी? परवा सर मलाच म्हणाले, तुमच्या मातोश्री बोलतात ती यहुदी-मराठी. माझी आई पेणची आहे! वांग्यांचा भाव करताना ती काय यहुदी-मराठीत करते?

केसरबाई : हां. ह्ये मातर खरं बोललास. आमी दीक्षा घेतली, बौद्ध झालो. घरात, वस्तीत, बौद्धच म्हनतो. पर दाखल्यावर कारकून लिवतो 'नवबौद्ध'. नात शाळंत गेली तरी नवच! मी म्हनलं, बाबा, नवी नवरीबी वरसाच्या आत जुनी हुती. आमचं नवंपन कवा सरायचं?

हनोक : काय म्हणाला?

केसरबाई : म्हनला, फुडं सरका.

हनोक : बघा! म्हणूनच मी घाबरतो. नाव एकदा चिकटलं की निघत नाही.

एस्तेर : घाबरतोस? मग मला तसं सांगायचं ना! मी समजले, मुलगी झाली म्हणून तुला काही वाटतच नाही.

हनोक : असं कसं म्हणतेस? तुझ्या आईला जाई हवं, माझ्या आईला आजीचं नाव हवं, मिल्का. दोघी हट्टी. म्हणून मी सगळा विचार करून तोड काढलीय. मिल्का-जाई.

केसरबाई : मदी ती आडवी रेघ?

हनोक : हो… म्हणजे, दोघींचा मान राहतो.

एस्तेर : दोन वर्षं त्या रेघेवरून सरांशी भांडतोयस, आणि पोरीच्या नावात तीच घातलीस!

हनोक : ही रेघ वेगळी. ही जोडायला आहे.

केसरबाई : त्या पंडितांनीबी जोडायलाच घातली आसंल.

हनोक : बरं, रेघ खोडतो, पण मग कुणाच्या आईचं नाव ठेवायचं?

केसरबाई : एस्तर, तू सांग. पोरीला पाजताना, कुनी आसपास नसताना, तू तिला काय म्हनतीस?

एस्तेर : काही नाही.

केसरबाई : एस्तर.

एस्तेर : …मिल्का.

हनोक : मिल्का? अगं, मग तुझ्या आईला…

एस्तेर : माझ्या आईचं मी बघेन. एकदा तोंडातून निसटलं. ती वळून हसली. मग तेच म्हणत राहिले. तुला सांगणार नव्हते. आधी तू काही म्हणशील, याची वाट बघत होते.

केसरबाई : आईक, मास्तर. तू वंगाळ न्हाईस, भितरा हाईस. त्या मेलेल्या बाईचं नाव चुकलं, तर ती भांडायला उठून येत न्हाई. तुझा कागद तू कसाबी भर. पर ही पोर जन्मल्यापासनं तुझ्याकडं तोंड करून पडलीया, आन तिच्या बापानं तिला आजून हाक मारली न्हाई. एवढाच तुझा गुन्हा. जा आत. आन हाक हळू मार, आत्ताच डोळा लागलाय.