माझं कोण ऐकतंय, सगळ्या साइजमध्ये

— नाही हो, त्या खुर्चीवर नका बसू, ती रिकामी दिसते पण तिच्या पाठीवर शर्ट टाकलेत — ओले नाहीत, रंग बसायचा असतो म्हणे. इकडे बसा. ते खोकं ढकला खाली. ढकला, ढकला, काचेचं काही नाही त्यात, टी-शर्टच आहेत, या घरात आता दुसरं आहे काय? सून आत तुमचंच पार्सल बांधतेय, मुलगा चिकटपट्टी आणायला खाली गेलाय. जगाला माल पाठवतात आणि घरात चिकटपट्टी नाही — पण मी काही बोलत नाही.

हसलात? अहो, हे तर तुमच्याच पार्सलमध्ये आहे! 'मी काही बोलत नाही', काळ्यावर पांढरं — तुमचीच ऑर्डर ना? आईच्या वाढदिवसाला. वा. ते वाक्य माझं आहे. माझं म्हणजे माझंच! या शर्टांवरचं झाडून सगळं माझं. मी स्वयंपाकघरात बोलायचं, हिने फोनमध्ये टिपून घ्यायचं आणि लोकांनी छातीवर मिरवायचं. असा कारखाना आहे आमचा.

सुरुवात कशी झाली? ते नका विचारू. म्हणजे विचारा, सांगते, चहा येतोय तोवर — नको कसा, टाकलाय मी. तर एक दिवस दोघं समोर येऊन बसली. 'आई, आम्ही टी-शर्ट डिझाइन करून विकणार.' मी म्हटलं, का, लोक काय उघडे हिंडतायत? झालं, दोन्ही तोंडं एवढीएवढी. पण ऐकतंय कोण? मशीन आलं आणि माझं जेवायचं टेबल गेलं. तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. शास्त्र काय, तर एवढंसं — कागदावर अक्षर उलटं छापायचं, कागद शर्टावर ठेवायचा, वरून मशीनचं गरम झाकण दाबायचं, की सुलटं उमटतं. आमच्या चिरंजीवांनी कागदावरच सुलटं छापलं. पहिला अख्खा गठ्ठा उलटा! आरशासमोर उभं राहिलं तरच वाचता येईल असा. मी म्हटलं, असू दे रे, ज्याने घातलाय त्याला तरी वाचता येतंय.

आणि मजकूर काय, माहितीये? 'स्वप्नांचा पाठलाग करा.' 'शिखरं बोलावतायत.' — ज्याला आपल्या घराचा जिना चढताना धाप लागते त्याने लिहिलेलं! नातेवाइकांनी घेतले, भिडेखातर. एका धुण्यात 'स्वप्नांचा' गळून पडलं, नुसतं 'पाठलाग करा' राहिलं. माझी धाकटी जाऊ ते घालून बाजारात जाऊन आली, बिचारी. घरी येऊन म्हणते, आज सगळे माझ्याकडेच बघत होते.

मग एका सकाळी हा उठला, सकाळी म्हणजे जेवायच्या वेळेला, आणि मी सवयीप्रमाणे म्हटलं, 'उठलास? उपकार झाले.' तर ही एवढी हसली, एवढी हसली, की डोळ्यांत पाणी. दुपारी उरलेल्या शर्टावर तेच छापलं, फोटो टाकला, आणि संध्याकाळपासून जे फोन सुरू झाले ते आजतागायत. 'बघू म्हणजे नाही.' 'पसारा तुझा, पाठ माझी.' 'भूक नव्हती ना?' — सगळं हातोहात! मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जन्मभर बोलत आले, वाहवा कोणी केली नव्हती. आमचे हे होते तेव्हा, मी तोंड उघडलं की रेडिओचा आवाज वाढवायचे.

पण पुढे गंमत बघा. घरात रागावायची सोयच राहिली नाही. परवा हिने दूध उतू घालवलं, सगळा ओटा पांढरा, मी जीव तोडून ओरडले — आणि ही गॅस बंद करायच्या आधी फोन शोधायला धावली. 'आई, परत म्हणा ना, शेवटचं निसटलं!' परत म्हणा! रागावलेलं माणूस परत म्हणतं का कधी? — म्हटलं मी परत. जरा सुधारूनच म्हटलं. आता काय करणार, धंदा आहे.

चहा घ्या. गोड झालाय? असू दे, फुकट आहे. तर ते दुसरं नाही का तुमच्या पार्सलमधलं, सगळ्यात खपतं ते, 'माझं कोण ऐकतंय' — पिवळ्यावर लाल. ते कधीचं आहे, सांगू? मला ताप होता. आत पडून पाण्यासाठी हाका मारत होते, इकडे मशीन चालू, गाणी चालू. शेवटी ही आली तेव्हा मी म्हटलं, कधीची हाका मारतेय, पण माझं कोण ऐकतंय? रडत होते हो मी. तिने पाणी दिलं, जवळ बसली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, वाईट नाही ती, उगाच कशाला नावं ठेवू — आणि मी बरी होऊन बाहेर येते तो खुर्चीवर तेच वाक्य लटकतंय. सगळ्या साइजमध्ये. त्या दिवशी रस्त्यात एक दांडगा पोरगा ते घालून समोरून आला. मनात म्हटलं, तुझं कोण ऐकत नाही रे, घोड्या?

तुमची आई काय म्हणते हो, असंच? 'मी काही बोलत नाही'? आणि तुम्ही कधी विचारलंत, काय बोलत नाहीस ते? — राहू दे, चहा प्या. ती हसेल शर्ट बघून. हसेलच. सगळ्यांसमोर दिलात तर दुसरं करणार काय?

ही खोकी? जातायत ना दोघं. शहराच्या त्या टोकाला दुकान घेतलंय, वर राहायच्या खोल्या, चांगला उजेड आहे म्हणे. पुढच्या आठवड्यात हलायचं. मी? मी इथेच. — विचारलं नाही कसं? विचारलं! मुलगा माझा तसा नाही. परवा जेवताना म्हणाला, 'आई, तू येतेस ना आमच्याबरोबर?' आणि मी काय बोलावं? 'नव्या घरात जुनं भांडं कशाला? पोचे मोजत बसाल.' सवय हो! पहिल्या विचारण्याला हो म्हणतं का कोणी? तुम्हीसुद्धा मघाशी चहाला नकोच म्हणालात, आणि आता कप रिकामा केलात की नाही? मला वाटलं, तो म्हणेल, आई, पुरे चेष्टा, चल मुकाट्याने. आणखी एकदा विचारायचं, बस. तर दोघं पोट धरून हसली. तो हिला म्हणतो, 'घे, घे, टिपून घे, हे चालणार!' झालं. त्यांच्या लेखी आईला यायचं नाही. पुन्हा विषय नाही.

जायचंय हो मला. या खोक्यांना अडखळते, शिव्या घालते, पण खोकी गेल्यावर इथे बोलू कोणाशी, भिंतीशी? — सरळ सांगा काय, तुम्हाला बरं सोपं वाटतं! सांगायला गेले की तोंडातून भलतंच निघतं. जीभच वळत नाही तिकडे. काल त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि बोलले काय, तर दिवे मालवा, वीज काही फुकट नाही —

काय गं? काय म्हणतेस? — थांबा हं जरा, आतून विचारतेय ती. ऐकलंत? म्हणते, 'आई, चिकटपट्टी येईपर्यंत कपाट आवरतेय, तुमचे पण कपडे भरू का? बघा, अजून विचार करा.' पुन्हा विचारलं हो तिने! थांबा, तुम्ही बोलू नका, मी सांगते — अगं, भर की! भर! मलासुद्धा घडी घालून भर, आणि वर लिही, जपून उचला, मोडलं तर बदलून मिळणार नाही!

...हसली.

'आई, कसलं भारी!' म्हणतेय. फोन शोधतेय आता. अहो, पण मी हो म्हटलं ना? 'भर' म्हटलं मी, तुमच्यासमोर म्हटलं. तुम्ही ऐकलंत ना? तुम्ही सांगा तिला, तुम्ही बाहेरचे, तुमचं ऐकेल ती — अहो, तुम्ही काय हसताय?

आली चिकटपट्टी, हे आलं तुमचं पार्सल. घ्या. या आता तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या.