अस्सल विलायती छर्रे

"दादा, सून चांगली आहे तुमची, पण मुकीच वाटते बापा," काकाजी, म्हणजे माझे चुलत सासरे, बैठकीत सांगत होते. मी चहा घेऊन पडद्याआड उभी.

अभनपूरच्या बाजारातून त्यांनी एअरगनच्या छर्र्यांचा डबा आणला होता. "इंग्रजांच्या वेळचे, अस्सल! चमक तर पाहा. आबांचे काळे पडले, नकलीच असतील. घरचे आहात म्हणून बदलून देतो."

शिसं जुनं झालं की काळवंडतं, हे त्या बैठकीत फक्त काकाजींना माहीत असावं. सासऱ्यांनी दोन्हीकडचा एकेक छर्रा सोनारासारखा चावून पाहिला. "हव, तुझाच माल भारी वाटून राहिला," म्हणत त्यांनी आपल्या वडिलांची, म्हणजे आबांची, जपलेली डबी पुढं सरकवली.

मी चहा ठेवायला वाकले. नवं राज्य होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि काकाजींच्या डब्याच्या बुडाशी दुकानाची छापील चिठ्ठी होती: 'राजधानी रायपूर'.

लग्नानंतर पहिल्यांदाच मी बैठकीत तोंड उघडलं, "काकाजी, इंग्रजांच्या वेळी तर आपली राजधानी नागपूर होती. रायपूर होणार, हे त्यांनी तुम्हालाच कसं सांगून ठेवलं?"