रिक्त पदे : शून्य

साहेब : बसा, बसा बाई. उठू नका. मी आपला सहज आलो.

बाई : सहज? नऊ वर्षांत या आकड्यांच्या खोलीला तुमचे पाय लागले नाहीत, आणि आज लिफ्ट बंद असताना तीन जिने चढून सहज? घाम पुसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय रजेवर आहे.

साहेब : चौकशी समितीचं पत्र आलंय. तुमच्या बहिणीच्या प्रकरणात.

बाई : धाकटीच्या? काय म्हणते समिती?

साहेब : तुम्हाला माहीत नाही?

बाई : तुमच्या तोंडून ऐकायला जास्त गोड लागेल.

साहेब : समिती म्हणते, त्या रविवारी दुपारी वॉर्डात आणखी दोन नर्स ड्यूटीवर होत्या, त्यांचे जबाब घ्यायचे आहेत. परवा अकरा वाजता दोघींना हजर करा.

बाई : मग करा की! तुम्हीच तर आरोपपत्रात लिहिलंय. "तीन परिचारिका कार्यरत असताना एकोणीस नंबरच्या खाटेवरील रुग्णाकडे दुर्लक्ष झाले." तीनमधली एक निलंबित होऊन एकवीस दिवस घरी बसलीय. उरल्या दोन. बोलवा त्यांना.

साहेब : बाई, तुम्ही पण ना. त्या दोघी कुठून आणू मी?

बाई : का? उंच सिस्टरला बोलवायला थोडे दिवस लागतील, कबूल. सात वर्षं झाली तिला परदेशात जाऊन. पण आपल्या तक्त्यात ती अजून रोज सकाळी सातला हजर असते हो! एक खाडा नाही. आणि दुसऱ्या आपल्या चष्मेवाल्या सिस्टर...

साहेब : त्या वारल्या.

बाई : चार वर्षांपूर्वी. पण काय बाई होती! वारल्यावर तिने जंतुसंसर्गाचं प्रशिक्षण पूर्ण केलं. तुमच्या फॉर्मात तो रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडायचं नाही. मी तिला शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले. जिवंतपणी तिला कोणी एवढे दिले नव्हते. मागच्या वर्षी तर तिला पदोन्नतीसाठी पात्र ठरवलंत तुम्ही. सही आहे तुमची.

साहेब : हळू बोला. बाहेर शिपाई आहे.

बाई : त्याला माहीत आहे. सगळ्या इमारतीला माहीत आहे, साहेब. पगार कोणाचा निघत नव्हता, म्हणून हिशेब तपासणाऱ्यांच्या डोळ्यावर आलं नाही, एवढंच. एकशे बारा मंजूर जागा. त्यातल्या एक्कावन्न बायका नुसत्या आपल्या तक्त्यात नांदतात. सोडून गेलेल्या, निवृत्त झालेल्या, देवाघरी गेलेल्या. आणि खाली दरवर्षी एकच ओळ. रिक्त पदे : शून्य.

साहेब : वरून तशीच अपेक्षा होती. रिक्त जागा दाखवल्या की भरती का झाली नाही, हा प्रश्न यायचा. व्यवस्थापनाच्या काही गोष्टी असतात.

बाई : असतील. तुमच्या भिंतीवर उत्कृष्ट नियोजनाच्या तीन ढाली आहेत, त्याही असतीलच. पण वरचे लोक तुमचा तक्ता बघून म्हणाले, इथे भरलेलंच आहे, नव्या नर्स कशाला? नऊ वर्षांत एक मुलगी दिली नाही त्यांनी आपल्याला. आणि धाकटी चोपन्न खाटांमध्ये दोन हात घेऊन उभी राहिली. एक्केचाळीस नंबरच्या बाईचा टाका सुटला, रक्त थांबेना, म्हणून ती दोन्ही हातांनी दाबून बसली. तेवढ्यात तिकडे एकोणीसची ऑक्सिजनची नळी निघाली. तिने हाका मारल्या. कोणाला मारल्या, सांगू? तुमच्या त्या दोघींना. कोणी आलं नाही, म्हातारा गेला.

साहेब : मला वाईट वाटतंच हो.

बाई : दुसऱ्या दिवशी सभागृहात तसं दिसलं नाही. मी मागच्या रांगेत होते. "तिघी असून एक म्हातारा सांभाळता आला नाही." माइकवर म्हणालात. आणि हसलात.

साहेब : तेव्हा पत्रकार होते, दबाव होता... जाऊ दे. मी तोडगा घेऊन आलोय. त्या रविवारच्या यादीतून त्या दोघींना काढा. तेवढीच एक दुपार. मग समिती कोणाला बोलावणार?

बाई : आणि धाकटी?

साहेब : तिचं बघू. सौम्य शिक्षा. ताकीद.

बाई : बघू नका, लिहा. हा कागद, हे पेन.

साहेब : आत्ता?

बाई : आत्ता. मी सांगते तसं. "चौकशी मागे घेण्यात येत आहे."

साहेब : ...येत आहे. बरं.

बाई : "निलंबन रद्द. उद्या सकाळच्या पाळीपासून कामावर रुजू व्हावे." पुढे. "घटनेच्या वेळी वॉर्डात त्या एकट्याच कर्तव्यावर होत्या."

साहेब : हे कसं लिहू? म्हणजे माझं आरोपपत्र खोटं ठरलं.

बाई : मग राहू द्या. परवा अकराला चष्मेवालीला आणा. जबाब शांतपणे देईल ती, तिची काही घाई नाही.

साहेब : फार वाकड्यात शिरता तुम्ही.

बाई : शिरले नव्हते हो. नऊ वर्षं सरळ तुमच्या मागे मागे चालत होते. लिहिलंत? "एकट्याच." च वर जोर असू दे. सही. खाली तारीख. आता तुमचा शिक्का खिशातून काढा, तुम्ही तो झोपतानाही काढत नाही म्हणतात. छान. धाकटे! ये गं आत.

(धाकटी आत येते.)

साहेब : ही इथेच होती?

बाई : जिन्यापाशी. हे घे. खाली आवक-जावकला जा, नोंदवून क्रमांक घे, एक प्रत समितीच्या टपालात तुझ्या हाताने टाक, आणि तशीच वर ये. पळ.

धाकटी : ताई, यात लिहिलंय की मी...

बाई : वाचत बसू नकोस. पळ म्हटलं ना!

साहेब : झालं तुमच्या मनासारखं? आता त्या दोघींना काढा.

बाई : काढल्या.

साहेब : कधी?

बाई : सकाळीच. त्या रविवारच्या काढल्या. मग हात लागलाच होता म्हणून सोमवारच्याही काढल्या. मग म्हटलं, बाकीच्या एकोणपन्नास जणींनी काय घोडं मारलंय? त्यांनाही मोकळं केलं. नऊ वर्षं ड्यूटी करून दमल्या होत्या बिचाऱ्या.

साहेब : बाई, थट्टा पुरे. आज चार वाजता मनुष्यबळाचा तक्ता मुख्यालयात जायचाय. पुढच्या पाच वर्षांची भरती त्यावर ठरणार. तो माझ्या सहीशिवाय जात नाही.

बाई : आतापर्यंत जात नव्हता. यंदा परिपत्रक आलंय, मोजणी करणाऱ्याने थेट पाठवावा. तुमच्या टेबलावर तीन आठवडे पेपरवेटखाली होतं. मी दोनदा आठवण केली. तुम्ही म्हणालात, ते कारकुनी कागद मला दाखवत जाऊ नका.

साहेब : ...कधी पाठवला?

बाई : सव्वादहाला. मी प्रत्येक वॉर्डात जाऊन माणसं मोजली, साहेब. हात लावून मोजली. भरलेल्या एकसष्ट, रिकाम्या एक्कावन्न. सोबत तुमचे जुने नऊ तक्ते जोडले, तुलनेला बरे पडतात.

साहेब : म्हणजे मी जिना चढलो तेव्हा...

बाई : तेव्हा तो पोचून दोन तास झाले होते.

साहेब : आणि मला बसवून हे सगळं लिहून घेतलंत?

बाई : तुमच्या अक्षरात हवं होतं. फार वळणदार आहे.

साहेब : त्या नऊ तक्त्यांवर खाली तुमचीही सही आहे. विसरू नका. निवृत्तीला पाच महिने राहिलेत तुमचे.

बाई : विसरले नाही. पहिल्याच पानावर लिहिलंय, हे खोटे आकडे मी माझ्या हाताने भरले, यांच्या सांगण्यावरून. बुडेन की मी. पण एकटी नाही. तुमची कॉलर धरली आहे, आणि माझ्या हातात अजून जोर आहे.

साहेब : एवढं वैर? मी तुमचं काय...

बाई : तिला न्हाऊ घालून, वेण्या घालून मोठी केलीय मी. एकवीस दिवस ती ताटासमोर बसून हात बघते नुसती. आता तुम्ही जा. जिना उतरताना कठड्याला धरा, लिफ्ट अजून बंदच आहे. आणि दार ओढून घ्या.

(साहेब जातात. धाकटी परत येते.)

धाकटी : साहेब जिन्यात भेटले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाई : बघणार नाहीत. क्रमांक मिळाला?

धाकटी : मिळाला. टपालातही टाकलं. ताई, तू हसतेयस.

बाई : किती दिवसांनी हसतेय. त्याचं तोंड बघायला हवं होतंस. शिक्का मारताना जीभ बाहेर काढतो, लहान पोरासारखा.

धाकटी : तुझं काय होईल आता?

बाई : माझी चौकशी होईल. होऊ दे. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी नसलेल्या बायका उभ्या करत होते कागदावर, आणि घरी येऊन तुला विचारत होते, पाय का सुजले गं? त्याचं काहीतरी व्हायला हवंच.

धाकटी : खऱ्या कधी येतील?

बाई : तक्ता मंजूर होईल, जाहिरात निघेल, परीक्षा, नेमणुका... वर्ष तरी.

धाकटी : आणि उद्या सकाळी? चोपन्न खाटा आहेत. माझ्याबरोबर कोण आहे?

बाई : कोणी नाही गं. आता यादीतसुद्धा कोणी नाही.