वाटी बुडंना

राही : झोपलीस का आज्जी? शेवटचं पान राहिलंय, ऐक. "पाटकऱ्यानं वाटीच्या भोकाला मेण लावलं. वाटी बुडाली नाही आणि गाव बुडालं."

झुंबरबाई : गाव कसं बुडंल? वड्याला घोट्याएवढं पानी.

राही : तसं नाही गं. माझ्या कादंबरीत ती तांब्याची वाटी म्हणजे गावाची शिस्त. परातीतल्या पाण्यावर तरंगायची, बारीक भोकातून भरत जायची. बुडाली की एकाची पाण्याची पाळी संपली, दुसऱ्यानं आपल्या शेताकडं पाटाचं दारं फोडायचं. वाटी बुडते तोवर सगळे रांगेत. ती बुडायची थांबली की कुदळी निघतात.

झुंबरबाई : कुदळी न्हाई, खोरं. आमच्या मागनं पाळी हुती त्या सूर्यभाननं खोरं घातलं. एका घावात बंधारा दुभंगला आन् पानी उडालं ते थेट श्रीरामपूरच्या ठेसनावर. आगगाडी भिजली.

राही : श्रीरामपूर इथनं बारा कोस.

झुंबरबाई : म्हून तर थोडीच भिजली.

राही : आज्जी, उद्या ही वही छापखान्यात द्यायचीय. काही चुकलं असेल तर आत्ता सांग.

झुंबरबाई : पाटकऱ्याचं नाव घातलंस?

राही : नाही. पण गावात पाण्याच्या पाळ्या लावणारा पाटकरी एकच होता, गहिनीनाथआजोबा. सगळे ओळखतील.

झुंबरबाई : मग त्ये मेण काढून टाक.

राही : मेण काढलं तर उरतं काय? आणि ही गोष्ट तूच सांगितलीस मला, लहानपणापासून.

झुंबरबाई : मी तर वड्यातली मगर बी सांगितली हुती, नथ घातलेली. ती न्हाई घेतलीस.

राही : ती थाप होती.

झुंबरबाई : ही बी.

राही : म्हणजे मेण लावलंच नव्हतं?

झुंबरबाई : लावलं हुतं. मी.

राही : चल, काहीतरीच.

झुंबरबाई : लगीन हून आल्याला दुसरा म्हैना. कांदा माना टाकत हुता, त्या दिशी पाळी आमची. सासूबाई म्हनल्या, कांदा गेला तर तू बी माहेरी. गहिनीनाथभावजी तंबाखू मळत बसले हुते, मी परातीवर वाकले. वाटलं, वाटी जरा दमानं बुडंल. ती बुडंनाच. दुपार कलली, सूर्यभानची पाळी काय येईना.

राही : आणि ठपका आजोबांवर.

झुंबरबाई : पंचांनी वाटी काढून घेतली. मग ज्यानं त्यानं आपापला पाट वढला. मी भ्याले, गप बसले. फुडं पोरं विचाराय लागली तवा गोष्ट रचली. सगळी हसायची, मला बरं वाटायचं.

राही : आता खरं लिहिलं, तर म्हणतील म्हातारीची आणखी एक थाप.

झुंबरबाई : म्हनू देत. तोंडातलं मला उद्या फिरवता येतं गं. छापल्यालं कसं फिरवू? त्यो मानूस अजून रोज ह्या दारावरनं जातो.

(दाराशी काठी टेकल्याचा आवाज.)

गहिनीनाथ : पोरीनं पुस्तक लिवलं म्हनं. दुष्काळी कामावर बायका बोलत हुत्या. मी बी हाय म्हनं त्यात.

राही : या, बसा आजोबा. शेवटचं पान बदलायचंय अजून.

झुंबरबाई : भावजी, मेण मी लावलं हुतं.

गहिनीनाथ : व्हय. कपाळावरच्या कुंकवाखालचं. नखानं खरवडलं तर लाल निगालं, तवाच कळलं.

झुंबरबाई : मग पंचाम्होरं बोलला का न्हाई?

गहिनीनाथ : बोललो असतो तर तुमची गाडी माहेरला जुपली असती. माझं काय, रोज परात भरायचा ताप गेला.

झुंबरबाई : आन् मी चाळीस वर्सं तुमच्यावर गोष्टी सांगत बसले.

गहिनीनाथ : ऐकल्यात की. दर साली माझ्या मिशा लांबवत गेलात.

राही : आज्जी, मग काय लिहू?

झुंबरबाई : झुंबरनं लावलं, आसं लिव. नाव घालून.

गहिनीनाथ : घाल नाव, तिचा जीव हलका हुईल. पन पोरी, तवा ती सोळा वर्साची हुती, त्ये बी लिव.